परसातला हिरवा पडलेला स्विमिंग पूल: दुरुस्तीला ६५० डॉलर की १४,८०० डॉलर?

तापीकाठ

नमस्कार. डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात आम्ही नुकतेच घर घेतले. घरामागे जमिनीत बांधलेला स्विमिंग पूल आहे, परंतु घर वर्षभराहून अधिक काळ रिकामे असल्याने त्यातील पाणी गडद हिरवे झाले आहे आणि दुसऱ्या पायरीखालचे काहीही दिसत नाही. तलाव सिमेंट-काँक्रीटचा असून आतून पांढरे प्लास्टर आहे. लांबी ३० फूट, रुंदी १५ फूट, उथळ बाजूला खोली साडेतीन फूट आणि खोल बाजूला साडेपाच फूट आहे. पंप बंद आहे. विक्रेत्याने या तलावापोटी किमतीत ५,००० डॉलरची सूट दिली आहे.

मी तीन ठिकाणांहून अंदाजपत्रके घेतली. पहिल्याने ६५० डॉलरमध्ये केवळ रसायने घालून पाणी निळे करून देण्याची तयारी दाखवली. दुसऱ्याने तलाव पूर्ण रिकामा करून, आम्लाने धुऊन देण्याचे १,४५० डॉलर सांगितले, आणि नव्या पाण्याचा खर्च आमच्याकडे ठेवला. तिसऱ्याने नवे प्लास्टर, नवा पंप, नवा फिल्टर आणि काठाच्या नव्या फरशा असे मिळून १४,८०० डॉलर सांगितले. तिघांनीही तोच तलाव पाहिला, आणि तिघांपैकी एकानेही पाण्याची चाचणी केली नाही. एचओएचे (वसाहतीच्या घरमालक संघाचे) पत्र आलेले असल्याने फार दिवस थांबणे शक्य नाही. यांपैकी कोणता आकडा खरा मानावा, आणि कामे कोणत्या क्रमाने करावीत, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

रसायनी

तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण ते तीन वेगवेगळ्या कामांचे आहेत. पहिला पाण्याचा आहे, दुसरा प्लास्टरवरच्या डागांचा आणि तिसरा संपूर्ण तलाव नवा करण्याचा. तुम्हाला यांपैकी कशाची गरज आहे हे पाणी हिरवे असेपर्यंत कोणालाच सांगता येणार नाही, कारण प्लास्टर दिसतच नाही. म्हणून आधी पाणी स्वच्छ करावे आणि प्लास्टरविषयीचा निर्णय तळ दिसल्यावर घ्यावा, असे माझे मत आहे. शेवाळ दिसायला भयंकर असले तरी या सर्व खर्चात सर्वांत स्वस्त बाब तीच आहे.

प्रथम पाणी किती आहे ते काढू. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली यांचा फुटांतील गुणाकार करून त्याला साडेसातने गुणले की अमेरिकी गॅलन मिळतात. तुमच्या तलावाची सरासरी खोली साडेचार फूट धरली तर सुमारे १५,२०० गॅलन, म्हणजे जवळपास ५७,००० लिटर पाणी होते. यापुढील प्रत्येक हिशेब या आकड्यावर अवलंबून असल्याने तो लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे थेंब मोजून करायची चाचणीपेटी विकत घ्या. दुकानात मिळणाऱ्या रंगीत पट्ट्यांवर हजारो डॉलरचा निर्णय घेणे योग्य नाही. पेटीला शंभर डॉलरच्या आसपास पडतील, परंतु अशा तलावात त्याहून चांगली गुंतवणूक नाही. मुक्त (अजून खर्च न झालेले) क्लोरीन, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचे माप), क्षारता (पीएच स्थिर ठेवणारी), कॅल्शियमचा कठीणपणा आणि सायन्युरिक आम्ल हे पाच आकडे हवेत. यांतील शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच बहुतेक जण मोजत नाहीत.

सायन्युरिक आम्ल हे क्लोरीनचे उन्हापासून रक्षण करते. ते अजिबात नसेल तर कडक उन्हात निम्म्याहून अधिक क्लोरीन तासाभरात नाहीसे होते. मात्र ते क्लोरीनला धरून ठेवत असल्याने त्याचे प्रमाण वाढले की तितक्याच क्लोरीनचा शेवाळावरील परिणाम घटतो. तरंगत्या डब्यात ज्या पांढऱ्या वड्या ठेवतात, त्या ट्रायक्लोरच्या असतात. त्या वड्यांमधून १० पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत दहा भाग) क्लोरीन मिळाले की सोबत सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरते, आणि ते उन्हाने उडून जात नाही. वर्षानुवर्षे वड्यांवर चालवलेला तलाव एके दिवशी "क्लोरीन घालूनही" हिरवा होतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

शेवाळ मारण्यासाठी मुक्त क्लोरीनची पातळी सायन्युरिक आम्लाच्या साधारण ४० टक्के ठेवावी लागते. आम्ल ४० असेल तर क्लोरीन १६, आणि आम्ल ८० असेल तर क्लोरीन ३२ पीपीएम. ही पातळी एकदा गाठून भागत नाही. शेवाळ क्लोरीन खात राहते, म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा मोजून ती पुन्हा पूर्ववत करावी लागते. आठवड्यातून एकदा येणारा माणूस एकदाच पोतेभर पूड ओततो, दोन दिवस पाणी फिकट दिसते आणि पुन्हा हिरवे होते. ६५० डॉलरच्या अंदाजपत्रकाबद्दल मला हीच शंका आहे. रसायनांच्या किमतीपेक्षा तो माणूस किती वेळा येणार हे त्याला विचारा.

वाटसरू

मी फिनिक्समध्ये राहतो आणि काही वर्षे तलावांच्या देखभालीचा व्यवसाय केला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. रसायनी यांचे रसायनशास्त्र बिनचूक आहे, परंतु त्यांनी वेळेची किंमत धरलेली नाही. वर्षभर पडून असलेल्या तलावाच्या तळाशी पाने, माती आणि मेलेले बेडूक यांचा फूटभर थर असू शकतो. तो थर क्लोरीन गिळत राहतो. अशा पाण्याला शुद्ध करत बसण्यापेक्षा ते काढून टाकणे अनेकदा स्वस्त पडते. तलाव रिकामा झाला की भेगा, पोकळ झालेले प्लास्टर आणि तळाच्या निचऱ्याची जाळी हे सर्व एकाच वेळी डोळ्यांना दिसते. शिवाय पाण्यातील जुने सायन्युरिक आम्ल आणि कॅल्शियम आपोआप निघून जाते. आमच्याकडे पाणी इतके कठीण आहे आणि बाष्पीभवन इतके आहे की दर काही वर्षांनी तलाव रिकामा करून पुन्हा भरणे ही नेहमीची बाब आहे.

आम्लाने धुण्याविषयी मात्र सावध राहा. त्या कामात प्लास्टरचा पातळ थर विरघळवला जातो, म्हणजे दर वेळी प्लास्टरचे आयुष्य कमी होते. दहा-बारा वर्षे जुन्या प्लास्टरवर ते केले तर पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढच्या वेळी शेवाळ अधिक घट्ट धरते. रिकामे करून केवळ दाबाच्या पाण्याने धुऊन मिळत असेल तर तेवढ्यावरच थांबावे.

रसायनी

वाटसरू, तळाच्या थराविषयी आपण म्हणता ते पूर्ण मान्य आहे. जाळीने तो आधी काढल्याशिवाय क्लोरीनचा एक थेंबही घालू नये. परंतु फिनिक्सची रीत डॅलसला जशीच्या तशी लागू करता येत नाही.

रिकामा काँक्रीटचा तलाव जमिनीत रुतलेल्या होडीसारखा असतो. आतले पाण्याचे वजन गेले आणि बाहेरच्या मातीत पाणी साचलेले असले तर संपूर्ण कवच वर उचलले जाऊ शकते. असे झाल्यास दुरुस्ती हा शब्दच लागू राहत नाही. तळाच्या निचऱ्यात दाब सोडणारी झडप असते, पण जुन्या तलावात ती चालू आहे की नाही हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डॅलस परिसरातील काळी चिकण माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील रेगुर जमिनीचीच ती चुलत बहीण. पावसाच्या आठवड्यात अशा मातीतील तलाव रिकामा करणे धोक्याचे आहे. उन्हाळ्याच्या भर दुपारी तो रिकामा ठेवला तर प्लास्टर वाळून तडकते, हे तर आपल्याला माहीत आहेच. विनाइलचे अस्तर किंवा फायबरग्लासचे कवच असते तर मी रिकामे करण्याचा विचारही करू दिला नसता. अस्तर आकसते आणि कवच फुगते.

म्हणून मधला मार्ग सुचवतो. चाचणीत सायन्युरिक आम्ल ८०-९० निघाले तर निम्मे पाणी काढून निम्मे नवे भरावे. आम्लाचा आकडा आपोआप निम्म्यावर येतो आणि तलावात पुरेसे वजन राहते. काढलेले पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडण्यापूर्वी नगरपालिकेचा नियम पाहा. बऱ्याच ठिकाणी ते घरच्या सांडपाण्याच्या वाहिनीतच सोडावे लागते. तसेच डॅलस परिसरातील अनेक नगरपालिका सांडपाण्याचे वर्षभराचे बिल हिवाळ्यातील पाणीवापराच्या सरासरीवरून ठरवतात. त्या महिन्यांत तलाव भरला तर त्याची किंमत पुढे वर्षभर मोजावी लागते.

खडीसाखर

चर्चा पाण्यावरच चालली आहे, म्हणून यंत्रसामग्रीविषयी लिहिते. आम्ही ऑस्टिनजवळ राहतो आणि आमचाही तलाव घरासोबत आला. माझ्या अनुभवानुसार पैसा पाण्यात जात नाही, तो पंपाजवळच्या चौथऱ्यावर जातो.

पहिला प्रश्न हा की, ते घर फेब्रुवारी २०२१ मध्ये रिकामे होते का? त्या हिमवादळात टेक्सासमध्ये वीज गेली, पंप बंद पडले आणि असंख्य तलावांचे नळ, झडपा, फिल्टरची टाकी आणि हीटर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन फुटले. त्यांतील काही तडे नुसते पाहून लक्षात येत नाहीत. दाब आल्यावरच पाणी गळू लागते. म्हणून क्लोरीनवर पैसे खर्च करण्यापूर्वी पंप चालू होतो का आणि चौथऱ्यावर कोठे गळते हे पाहून घ्या. पंपाशिवाय क्लोरीन पाण्यात फिरत नाही आणि मेलेले शेवाळ गाळले जात नाही.

पंप जळालेला असेल तर एकाच गतीचा जुना पंप शोधत बसू नका. १९ जुलै २०२१ पासून अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे कार्यक्षमतेचे नियम लागू झाल्यापासून परसातल्या नेहमीच्या आकाराच्या तलावांसाठी बहुतांशी बदलत्या गतीचेच पंप मिळतात. बसवणुकीसह हजार ते अठराशे डॉलर धरून चाला. ही रक्कम टोचते, परंतु पंपाची गती निम्मी केली की त्याला लागणारी शक्ती सुमारे एक अष्टमांशावर येते, त्यामुळे कमी गतीवर अधिक तास चालवूनही विजेचे बिल कमी येते. बसवताना त्याची भू-जोडणी आणि जीएफसीआय (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण) व्यवस्थित आहे हे परवानाधारक विद्युत कारागिराकडूनच तपासून घ्या. येथे शंभर-दोनशे डॉलर वाचवू नयेत.

फिल्टर कोणत्या प्रकारचा आहे ते लिहिले नाही. कार्ट्रिजचा (काढून धुता येणाऱ्या गाळण्यांचा) असेल तर नव्या कार्ट्रिज लगेच विकत घेऊ नका. शेवाळ मरत असताना त्या दर काही तासांनी तुंबतात आणि प्रत्येक वेळी काढून धुवाव्या लागतात. हे काम जुन्यांकडून करून घ्यावे आणि पाणी निवळल्यावर नव्या बसवाव्यात. वाळूचा फिल्टर असेल तर उलट प्रवाहाने धुण्याची सोय असल्याने काम सोपे होते.

आणखी एक गोष्ट. टेक्सासमधील घर-तपासणीच्या ठरावीक नमुन्यात तलाव हा ऐच्छिक भाग असतो. तुमच्या तपासनिसाने तो भाग भरला होता का, हे अहवालात पाहा. भरला असेल तर पंपाविषयी काही नोंद आयतीच मिळेल.

डोंगरवाट

मी पुण्यात असतो. लोणावळ्याजवळ आमचा एक लहान बंगला आहे आणि त्याच्या तलावाची हीच गत दर पावसाळ्यानंतर होते. आमच्याकडील चित्र थोडे वेगळे असल्याने नोंद करून ठेवतो, कारण इकडेही आता कर्जत, अलिबाग, मुळशी अशा सर्व ठिकाणी तलावासह बंगले घेतले जात आहेत.

आमच्याकडे द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट मोठ्या कॅनमधून मिळते आणि ते अमेरिकेच्या मानाने स्वस्त आहे. माणसाची मजुरीही परवडते. महाग असते ते पाणी. डिसेंबरनंतर टँकर मागवावा लागतो, आणि ५०,००० लिटरच्या तलावाला दहा हजार लिटरचे पाच टँकर लागतात. त्यामुळे "पाणी काढून टाका आणि नवे भरा" हा देखभाल करणाऱ्यांचा आवडता उपाय मला सर्वांत खर्चिक पडतो. पावसाळ्यात तर रिकामे करण्याचा प्रश्नच येत नाही. लोणावळ्याच्या पावसात बंगल्याभोवतीची जमीन पाण्याने इतकी भरलेली असते की रसायनी यांनी वर्णन केलेला प्रकार होण्याची भीती वाटते.

आमच्याकडे शेवाळावर सर्रास मोरचूद टाकतात आणि मग तुरटीने गाळ बसवतात. तुरटीने गाळ खरोखर बसतो, पण पीएच आणि क्षारता उतरते, हे कोणी सांगत नाही. मोरचुदाविषयी रसायनी यांचे मत जाणून घ्यायला आवडेल, कारण आमच्या पायऱ्यांवर हिरवट-काळे डाग पडले आहेत.

रसायनी

डोंगरवाट, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. तांबे शेवाळ मारते हे खरे, पण ते पाण्यातून जात नाही. पीएच वाढला किंवा क्लोरीनचा मोठा डोस दिला की तेच तांबे प्लास्टरवर बसते. सोनेरी केस हिरवे होतात तेही क्लोरीनने नव्हे, तांब्याने. अमेरिकेत "अल्जीसाइड" म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बाटल्यांत हेच तांबे असते, म्हणून तापीकाठ यांनीही बाटलीवरील घटक वाचल्याशिवाय काही घेऊ नये. डाग कशाचा आहे हे पाहण्याची सोपी रीत आहे. डागावर क्लोरीन लावून तो फिकट झाला तर पाना-शेवाळाचा. क जीवनसत्त्वाच्या गोळीने घासून फिकट झाला तर बहुधा लोखंडाचा. तांब्याचे डाग दोन्हींना सहसा दाद देत नाहीत.

सांजवारा

येथे सर्वांनी तलाव ठेवायचाच हे गृहीत धरले आहे. घरात लहान मुले आहेत का? पोहणारे कोणी नसेल तर तलाव बुजवण्याचाही हिशेब करावा. आमच्या शेजाऱ्यांनी तेच केले आणि आज तेथे हिरवळ आहे.

तसेच, तोवर डासांकडे दुर्लक्ष करू नका. साचलेल्या घाण पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास वेस्ट नाईल विषाणू पसरवतात. २०१२ मध्ये डॅलसमध्ये त्याची मोठी साथ आली होती आणि शहरावर विमानातून फवारणी करावी लागली होती. कॅलिफोर्नियातील कर्न काउंटीमध्ये २००७ साली घरकर्जे थकून घरे रिकामी पडली, त्यांच्या परसातले तलाव हिरवे झाले आणि त्याच वर्षी तेथील वेस्ट नाईलचे रुग्ण वाढले, याचा अभ्यासही झालेला आहे. तेव्हा एचओएचे पत्र त्रासदायक वाटले तरी त्यामागे कारण आहे.

तापीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुले आठ आणि पाच वर्षांची आहेत आणि मोठ्या मुलीला पोहायला आवडते, म्हणून तलाव बुजवण्याचा विचार नाही. सांजवारा यांच्या सूचनेवरून चौकशी मात्र केली. अर्धवट तोडून माती भरण्याचेच जवळपास आठ हजार डॉलर सांगितले गेले, आणि घर विकताना ते पुढच्या ग्राहकाला कळवावे लागते. म्हणजे तलाव नाहीसा करणे हे तो निळा करण्यापेक्षा महाग आहे. डासांच्या अळ्यांसाठी बीटीआय या अळ्या मारणाऱ्या जिवाणूच्या चकत्या पाण्यात सोडल्या आहेत. परसाचे फाटक आपोआप बंद होत नव्हते, ते सर्वांत आधी दुरुस्त केले.

चाचणीपेटी आली. मुक्त क्लोरीन शून्य, पीएच ७.८, क्षारता १४०, कॅल्शियम ४५० आणि सायन्युरिक आम्ल ८० आले. पंपाची मोटर जाम आहे. फिल्टर चार कार्ट्रिजचा आहे आणि टाकी शाबूत दिसते, पण एका झडपेला तडा आहे. तपासनिसाच्या अहवालात तलावाचा रकाना कोरा आहे. आता पुढे काय करावे?

रसायनी

आकडे पाहून बरे वाटले. पडीक तलावात कधी कधी जिवाणू सायन्युरिक आम्लाचेच अमोनिया करून टाकतात. मग आम्ल शून्य दिसते आणि घातलेले क्लोरीन काही मिनिटांत नाहीसे होते. तसे झाले असते तर क्लोरीनचा खर्च कितीतरी वाढला असता. तुमचे तसे नाही.

आधी पंप आणि झडप. ते चालू झाल्यावर तळाचा गाळ मोठ्या जाळीने काढा. काही दिसणार नाही, नुसते चाचपडत उचलायचे आहे. मग सलग कोरडे दिवस पाहून निम्मे पाणी काढा आणि लगेच नवे भरा. त्याने सायन्युरिक आम्ल ४० आणि कॅल्शियम ३०० च्या आसपास येईल (नव्या पाण्यातही काही कॅल्शियम असतेच). यानंतर म्युरिएटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) आम्लाने पीएच ७.२ पर्यंत खाली आणा. हे क्लोरीन घालण्याआधीच करावे लागते, कारण क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेले की पीएचची चाचणी चुकीची दाखवते.

आता क्लोरीन. १० टक्क्यांचे एक गॅलन द्रव क्लोरीन १०,००० गॅलन पाण्यात १० पीपीएमची वाढ करते, म्हणजे तुमच्या तलावात सुमारे साडेसहा पीपीएमची. १६ पीपीएमसाठी पहिल्या वेळी अडीच गॅलन लागतील. पुढे जेवढे खाल्ले जाईल तेवढे घालत राहायचे. असा तलाव निवळेपर्यंत २० ते ३० गॅलन लागतील असे धरा. पाच-सहा डॉलर गॅलनचा भाव धरला तर ही रक्कम दीडशेच्या आसपास जाते. ऑगस्ट २०२० मध्ये लॉरा चक्रीवादळानंतर लुइझियानातील वड्या बनवणारा एक मोठा कारखाना जळाला, तेव्हापासून वड्यांचे भाव जे वाढले ते पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. तुम्हाला तर त्या नकोतच. पुडीच्या स्वरूपातील कॅल्शियम हायपोक्लोराइटही नको, कारण तुमच्या पाण्यात कॅल्शियम पुरेसे आहे.

एक गोष्ट अधोरेखित करून सांगतो. म्युरिएटिक आम्ल आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका, शेजारी साठवूही नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. वड्या आणि पूड यांचे मिश्रण तर पेट घेते. जुन्या मालकाचे डबे चौथऱ्याजवळ पडले असतील तर ते एकमेकांत रिकामे करू नका.

काम संपले हे रंगावरून ठरवायचे नाही. पाणी पूर्ण नितळ दिसले पाहिजे, संयुक्त (घाणीशी जोडले जाऊन निष्प्रभ झालेले) क्लोरीन अर्ध्या पीपीएमपर्यंत आले पाहिजे आणि रात्री सूर्यास्तानंतर मोजलेले मुक्त क्लोरीन सकाळी उन्हाआधी मोजले असता एक पीपीएमपेक्षा अधिक घटलेले नसावे. रात्री ऊन नसते, म्हणून रात्रीची घट ही शेवाळाचीच असते.

तापीकाठ

पाणी निवळले आहे आणि रात्रीची चाचणीही उत्तीर्ण झाली. मध्ये काही दिवस पाणी हिरव्याचे दुधी राखाडी झाले आणि तसेच राहिले, तेव्हा धीर सुटत होता. परंतु ते मेलेले शेवाळ असून केवळ फिल्टरने जायचे आहे, हे खडीसाखर यांच्या लिखाणामुळे ठाऊक होते. जुन्या कार्ट्रिज धुऊन धुऊन फाटल्या.

इतरांना उपयोग व्हावा म्हणून हिशेब देतो. चाचणीपेटीला ११० डॉलर, क्लोरीनला १७०, म्युरिएटिक आम्लाला २५, निम्म्या पाण्याला ७०, आणि जाळी, ब्रश व दांडा यांना ८५, म्हणजे पाण्यासाठी एकूण ४६० डॉलर लागले. बदलत्या गतीचा पंप विद्युत कारागिरासह १,५५०, झडप आणि तिच्याजवळचा नळ २८०, नव्या चार कार्ट्रिज ३४० आणि तळाच्या निचऱ्याची नवी प्रमाणित झाकणे ६०, असा यंत्रसामग्रीचा खर्च २,२३० डॉलर झाला. दोन्ही मिळून २,६९० डॉलर झाले. यात आमच्या श्रमांचे मोल धरलेले नाही, आणि ते श्रम थोडे नव्हते.

तळ आता स्पष्ट दिसतो. प्लास्टर खोल बाजूला किंचित खरबरीत आहे आणि एका कोपऱ्यात तपकिरी डाग आहे. भेग दिसत नाही. पाण्याची पातळी मात्र रोज थोडी उतरते. ती गळती आहे की बाष्पीभवन?

वाटसरू

माझा अंदाज चुकवल्याबद्दल अभिनंदन. गाळ कमी निघाला असावा, किंवा तुमची चिकाटी माझ्या जुन्या ग्राहकांपेक्षा अधिक असावी.

गळतीसाठी बादलीची चाचणी करा. बादलीत तलावाचेच पाणी भरून ती पायरीवर अशी ठेवा की आतले आणि बाहेरचे पाणी एकाच पातळीवर येईल, आणि दोन्ही पातळ्यांवर खूण करा. चोवीस तासांनी बादलीतले पाणी आणि तलावातले पाणी सारखेच उतरले असेल तर ते बाष्पीभवन आहे. टेक्सासच्या उन्हाळ्यात रोज पाव इंच उतरणे नेहमीचे आहे. तलाव अधिक उतरला असेल तर हीच चाचणी एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करा. पंप चालू असतानाच फरक पडत असेल तर गळती दाबाखालच्या नळात आहे. त्यानंतरच गळती शोधणाऱ्याला बोलवा, कारण तो नुसते शोधण्याचेच तीन-चारशे डॉलर घेतो.

प्लास्टर खरबरीत असले तरी पायाला टोचत नसेल आणि पोकळ वाजत नसेल, तर ते आणखी काही वर्षे चालेल. नव्या प्लास्टरला आज हात लावू नका. पुढे करायचे ठरले तर हिवाळ्याच्या आरंभी दर विचारा. वसंतात सर्वांनाच तलाव हवा असतो आणि त्या वेळी ठेकेदार घासाघीस करत नाहीत.

तापीकाठ

बादलीची चाचणी केली. पंप बंद असताना दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या. चालू असताना तलाव पाव इंच अधिक उतरतो. म्हणजे नळातच गळती आहे. पंपाचा चौथरा कोरडा आहे, त्यामुळे ती जमिनीखाली असावी. पहिल्या दोन अंदाजपत्रकांत हिचा उल्लेखच नव्हता, आणि १४,८०० डॉलरच्या अंदाजपत्रकात जमिनीखालचे नळ स्पष्टपणे वगळलेले होते, हे आता पुन्हा वाचताना लक्षात आले.

खडीसाखर

शोधणाऱ्याला बोलावण्यापूर्वी परतीच्या (गाळलेले पाणी तलावात परत सोडणाऱ्या) नळाच्या तोंडाशी भिंतीत जी चकती असते, तिच्याभोवतीचा भराव एकदा पाहा. तेथील सिलिकोन किंवा पुट्टी वाळून फट पडलेली असते, आणि पाण्याखाली लावता येणारी इपॉक्सी पुट्टी वीस डॉलरच्या आत मिळते. पंप बंद करून फटीजवळ चाचणीपेटीतील लाल रंगाचे दोन-तीन थेंब हळूच सोडा. रंग आत ओढला गेला तर तेथेच गळते. ओढला गेला नाही, तर मात्र जमिनीखालच्या नळाची दाबचाचणी करून घ्यावी लागेल. ती करणाऱ्याकडून प्रत्येक नळाचा दाब स्वतंत्रपणे लेखी घ्या, म्हणजे खोदकामाचा दर दुसऱ्या कोणाकडूनही मागवता येईल.

तापीकाठ

लाल रंग पायऱ्यांजवळच्या परतीच्या तोंडाशी आत ओढला गेला. पुट्टी आणली आहे. शनिवारी लावून पुन्हा बादली ठेवतो.